एक तोळा शिसे

मराठी शिकारकथेत बंदूक असते. तिचा आकडा मात्र क्वचितच असतो. नायकाने बंदूक उचलली, नेम धरला, बार काढला, एवढ्यावर लेखकाचे काम भागते. नळीचे तोंड केवढे, गोळी किती वजनाची, जनावर किती पावलांवर, हे सांगितले नाही म्हणून वाचक अडून बसत नाही. आणि आम्हां शिकवणाऱ्यांचेही त्यावाचून अडत नाही. वातावरणनिर्मिती, निवेदनाची लय, माणूस आणि निसर्ग यांचा संघर्ष या ठरलेल्या कप्प्यांत कथा बसली की तास संपतो. या लेखात आम्हांला त्या वगळलेल्या आकड्याविषयी लिहायचे आहे. दिसायला तो निव्वळ कारागिरीचा तपशील आहे, पण शिकारकथेतला सगळा नैतिक प्रश्न त्यातच दडून बसलेला असतो, असे आम्हांला वाटू लागले आहे.

आम्ही दोघे पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या दरम्यानच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या वर्गात दोन प्रकारची मुले असतात. काही भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून येतात. काही खेड तालुक्याच्या पश्चिम अंगाच्या, भीमाशंकरच्या डोंगराकडे चढत गेलेल्या गावांतून येतात. कथालेखनाच्या प्रात्यक्षिकासाठी या दुसऱ्या गटातल्या एका विद्यार्थ्याने घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत लिहून आणली. त्याच्या पणजोबांनी बारा बोअरच्या बंदुकीने, दोनशे पावलांवरून, एका गोळीत सांबर लोळवले होते. वाचन संपल्यावर मागच्या बाकावरून एक आवाज आला, “सर, बारा बोअरनं दोनशे पावलांवर सांबर पडत नसतं. माझे वडील खडकीच्या फॅक्टरीत होते.” लेखक चिडून म्हणाला, “मग कशानं पडतं, ते तरी सांग.” आणि उत्तरासाठी सगळा वर्ग आमच्याकडे पाहू लागला.

आक्षेप घेणाऱ्याचा अधिकार नाकारण्याजोगा नव्हता. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. आज आपल्याकडे ज्याला औद्योगिक पट्टा म्हणतात त्याच्या कितीतरी आधीचा. दापोडी, सांगवी, पिंपळे गुरव या गावांतल्या कितीतरी घरांची चूल काडतुसांवर पेटली आहे. गोळी ही वस्तू या परिसराला कथेतून नव्हे, पगारातून ठाऊक आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘बारा बोअर’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातला बारा कशाचा, हे कुणी विचारीत नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणून हा हिशेब उलटा चालतो: आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअरची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटर, तर वीस बोअरची तिच्याहून लहान. ही नळी आतून गुळगुळीत असते आणि बहुधा छर्रे फेकते. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. गोळी त्यांतून स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरत असल्यामुळे सरळ जाते. रायफलीचे माप इंचाच्या शतांशांत किंवा सहस्रांशांत सांगतात. त्यालाच कॅलिबर म्हणायचे. या शब्दाचे मूळ बहुतेक कोशकार अरबी ‘कालिब’ म्हणजे साचा या शब्दापाशी नेतात. आम्हां अध्यापकांना हा शब्द मुलाखतीच्या खोलीतून परिचयाचा आहे: उमेदवार बरा आहे, पण त्याचे ‘कॅलिबर’ नाही. शब्दाचे मूळ कळल्यावर या वाक्याची गंमत वाटली. माणूस आपल्या साच्यात बसत नाही, एवढेच त्यात आपण सांगत असतो.

बोअरिंग मशीनवर काम करणाऱ्या मुलांना हा सगळा भाग एका दमात कळला. मात्र एका गोष्टीने ती अस्वस्थ झाली. कॅलिबरचा आकडा हे खरे माप असेलच असे नाही. ‘.२७०’ नावाच्या अमेरिकी काडतुसातली गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचाची असते. ‘.३०-०६’ मधला ०६ हा मापाचा भागच नव्हे, ते १९०६ हे साल आहे. “असा ड्रॉइंग आमच्याकडे आला तर पार्ट रिजेक्ट होईल,” असे एक जण म्हणाला. आकडा येथे नावासारखा वापरला जातो, आणि नावाला इतिहास असतो, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

आता मूळ प्रश्न: सांबराला कोणती गोळी? आपल्या देशात या प्रश्नावरची जिवंत चर्चा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवली, आणि ते योग्यच झाले. ही चर्चा आजही जोरात चालू असलेली जागा म्हणजे उत्तर अमेरिका, आणि तिथले जनावर म्हणजे एल्क. एल्क आणि सांबर यांचे नाते केवळ कल्पनेतले नाही. दोन्ही एकाच कुळातली मोठी हरणे. जुन्या वर्गीकरणात ती एकाच प्रजातीसमूहात धरली जात. सिलोनमधले इंग्रज तर सांबरालाच एल्क म्हणत. पुढे नाईलच्या उगमाच्या शोधात नाव मिळवलेल्या सॅम्युएल बेकरचे सिलोनमधल्या शिकारीवरचे पुस्तक १८५४ चे. त्यात पानोपानी ‘एल्क’ आहे, आणि तो सारा सांबर आहे. पूर्ण वाढलेला सांबर नर दोनशे ते तीनशे किलोंच्या घरात जातो. अमेरिकी एल्कचा नर तीनशेच्या पुढे. म्हणजे एल्कसाठी झालेला विचार सांबराला बऱ्याच अंशी लागू पडतो.

अमेरिकेत या प्रश्नावर दोन घराणीच आहेत म्हणा ना. विसाव्या शतकाच्या मध्यावर जॅक ओकॉनर हा लेखक .२७० विंचेस्टरचा कैवारी होता. हे १९२५ सालचे काडतूस: गोळी हलकी, वेग मोठा, मार्ग सपाट. त्याच्या विरुद्ध बाजूला एल्मर कीथ. त्याचे म्हणणे, मोठ्या जनावराला मोठ्या तोंडाची जड गोळीच हवी. या दोघांच्या वादावर शिकाऱ्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. शास्त्र दोघांच्याही बाजूने थोडे थोडे बोलते. वेग दुप्पट केला तर गोळीची ऊर्जा चौपट होते. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पटच होते, पण जड गोळी हाडामांसातून खोलवर आपला मार्ग टिकवते. दोन्ही पक्षांना बरेचसे मान्य होणारा मध्यममार्ग म्हणजे .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी.

हा १८० चा आकडा आम्ही फळ्यावर लिहिला आणि त्याच्यापाशी थांबलो. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपल्या गुंजेसारखेच बीजाचे माप. इंग्रजी अमदानीत आपला तोळा प्रमाणित झाला तो नेमका १८० ग्रेनचा. १८३५ पासूनचा कंपनी सरकारचा रुपयाही १८० ग्रेनचाच. म्हणजे रॉकी पर्वतातला शिकारी तीनशे किलोंच्या जनावरावर जी गोळी सोडतो, तिचे वजन बरोबर एक तोळा. आजीच्या पाटल्यांचा हिशेब ज्या मापात व्हायचा, त्याच मापातले एक तोळा तांबेमढे शिसे सेकंदाला आठशेहून अधिक मीटर वेगाने जाते. वर्गात क्षणभर कुणी काही बोलले नाही. तीनशे किलो आणि एक तोळा यांचा व्यवहार मुलांच्या डोळ्यांसमोर आला असावा.

हा व्यवहार निभावतो कसा? शिकारी ज्याला योग्य नेम म्हणतात तो फऱ्याच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या भागात, फुप्फुसांवर असतो. गोळी तिथून आरपार गेली की जनावर थोडे अंतर धावते आणि पडते. सगळे काही क्षणांत संपते. तीच गोळी वीतभर मागे, पोटात लागली तर जनावर तासन्‌तास जगते, मैल-मैल चालते आणि झाडीत कुठेतरी एकटे मरते. कॅलिबरचा सारा वाद या वीतभर फरकासाठी आहे. अपुऱ्या गोळीला हाड आडवे आले तर ती फुप्फुसापर्यंत पोचत नाही. पण अतिरेकी गोळीचाही तोटा आहे. मोठी रायफल खांद्याला असा हिसका देते की नवखा माणूस घोडा दाबण्याआधीच दचकतो, डोळे मिटतो, आणि नेम नेमका तेवढाच वीतभर मागे जातो. म्हणून जाणत्या शिकाऱ्यांचा सल्ला आकड्यात येत नाही. न दचकता जी चालवता येईल तीच तुझी रायफल, असे ते सांगतात. आणि जितक्या अंतरावरून खात्री असेल त्यापलीकडे हात आवर, असेही. कोलोरॅडो राज्याच्या नियमांत तर किमान मर्यादाच घालून दिली आहे: एल्कसाठी नळी .२४ इंचाहून बारीक नको, गोळी ८५ ग्रेनहून हलकी नको, आणि शंभर यार्डांवर तिच्यात किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा उरली पाहिजे. ज्याचा जीव घेण्याची परवानगी दिली, त्याला निदान लवकर मरण मिळावे म्हणून घातलेली ही अट आहे.

याच नियमांत आणखी एक अट आहे: गोळी लागल्यावर पसरणारी, म्हणजे मऊ टोकाची असली पाहिजे. इथे गोष्ट आपल्या देशापर्यंत येऊन पोचते. पसरणाऱ्या गोळीला जगभर ‘दमदम’ हे नाव मिळाले ते कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रशाळेवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे अशी गोळी तयार झाली. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेने युद्धात तिच्या वापरावर बंदी घातली, कारण माणसाला ती अनावश्यक यातना देते. शिकारीत मात्र तीच सक्तीची, कारण जनावराच्या यातना ती कमी करते. एकच गोळी, आणि दयेच्या नावाने दिलेले दोन विरुद्ध निकाल. सैनिकाला जायबंदी केले की लढाईपुरते काम भागते, आणि तो जखमेतून वाचावा अशी त्या कराराची अपेक्षा आहे. हरणाला जायबंदी करणे हाच मात्र शिकाऱ्याचा गुन्हा आहे. शस्त्राचे चांगलेवाईटपण त्या शस्त्रात नसते, समोरच्याशी आपले नाते काय यावर ते ठरते, हे सांगायला याहून नेमके उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

भारतात मात्र कॅलिबर जनावर पाहून ठरले नाही. ते प्रजा पाहून ठरले. लष्कराची ‘थ्री नॉट थ्री’ प्रजेच्या हाती पडू नये, पडलीच तर तिला गोळ्या मिळू नयेत, हे इंग्रज सरकारचे धोरण होते. म्हणून खाजगी रायफलींसाठी लष्करात नसलेली मापे शोधली गेली. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल या धोरणाचीच वारस. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला; तरी .३०३ आणि ७.६२ ही लष्करी मापे सामान्य नागरिकाला निषिद्धच राहिली. जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी रायफल भेट मिळाली ती .२७५ रिग्बी, एल्कच्या चर्चेत हे काडतूस ओकॉनरच्या पक्षात बसेल. पण कॉर्बेट हा अपवाद. गावच्या माणसाच्या हाती होती ती बारा बोअर किंवा ठासणीची. बारा बोअरचे छर्रे तीस-चाळीस पावलांपलीकडे मोठ्या जनावरावर भरवशाचे नाहीत. म्हणजे मागच्या बाकावरचा आक्षेप बरोबर होता.

पुढे जे घडले ते आमच्या शिकवण्याच्या बाहेरचे आहे. पणजोबांची कथा लिहिणारा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला आणि त्याने आजीला बारा बोअरचा हिशेब सांगितला. आजी म्हणाली, “एका गोळीत कुठलं रे पडतंय. दोन दिवस माग काढत होते. तिसऱ्या दिवशी गिधाडं उतरली तेव्हा कळलं कुठं पडलंय ते. मांस काही हाती आलं नाही. शिंगं तेवढी आणली.” ती शिंगे अजून घरात आहेत, सूज आली की सांबरशिंग उगाळून लावतात. दोन दिवसांची ती वाटचाल कथेतून गळली होती, कारण ‘एका गोळीत’ हे शब्द तिच्यावर बसले होते. अंतर आणि बोअर विचारले गेले नसते तर सांबराचे ते दोन दिवस कधीच कुणाला दिसले नसते. त्याने कथा पुन्हा लिहिली. ती पहिलीपेक्षा कमी थरारक आहे, आणि कितीतरी चांगली आहे.

तेव्हापासून शिकारीचे कोणतेही वाङ्मय वाचताना आम्ही हा प्रश्न विचारतो: शस्त्र आणि सावज यांचे प्रमाण लेखकाला दिसले आहे का? या प्रश्नासह ‘शाकुंतला’चा पहिला अंक उघडला की तपस्व्याचा आक्षेप वेगळाच ऐकू येतो. हरणाचे कोवळे जीवित कुठे आणि राजाचे कठोर बाण कुठे, हा त्याचा मुद्दा प्रमाणाचाच आहे. दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची जी स्तुती करतो, तीत शरीर हलके होणे आहे, चालत्या लक्ष्यावर नेम साधणे आहे, भ्यालेल्या आणि चिडलेल्या जनावराचे मन कळणे आहे. नेम चुकलेल्या जनावराचे पुढे काय होते, हे नाही. दशरथाच्या शब्दवेधी बाणाचा तर नेम चुकलाच नव्हता. लक्ष्य न पाहता बाण सोडला, हा त्याचा दोष, आणि आजही शिकारीचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येक पुस्तिकेत हा निषेध आरंभीच असतो. आधुनिक मराठीत ही जाणीव पुरती मुरलेली दिसते ती व्यंकटेश माडगूळकरांत. बंदूक घेऊन रानात हिंडलेला हा लेखक ‘नागझिरा’ लिहिताना नुसता पाहायला रानात राहतो. पाहण्याची ती शिस्त त्यांना काही अंशी शिकारीनेच दिली असावी असे आम्हांला वाटते. वारा कोणत्या दिशेचा, जनावर किती दूर, आपण त्याला दिसतो की नाही, हे बंदूक खाली ठेवल्यावरही विसरता येत नाही.

हा विषय जुन्या कथांपुरता असता तर आम्ही येथेच थांबलो असतो. पण खेडच्या पश्चिम भागातल्या मुलांना तो रोज भेटतो. रानडुकरे रात्रीत भुईमुगाचे वावर उकरून टाकतात. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला परवान्याने मारण्याची तरतूद आहे. आणि मारायचे कशाने? १९५९ च्या कायद्याचे तेरावे कलम याचेही उत्तर देते: पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. हे कलम आम्ही पुनःपुन्हा वाचले. ‘पुरेशी’ या शब्दावर थांबलो. पुरेशी म्हणजे पीक वाचवायला पुरेशी, की डुकराला एका क्षणात मारायला पुरेशी? कोलोरॅडोच्या नियमकर्त्याला दुसरा अर्थ आधी सुचला. आपल्या कायद्याच्या भाषेत पीक आहे, शेतकरी आहे, सरकारची धास्तीही आहे. ज्याच्यावर बार काढायचा त्या जनावराच्या वाट्याला तिथे एक शब्दही आलेला नाही.

शेतकऱ्याला डुकराची दया शिकवण्याचा अधिकार आमच्या पगारी घरांना नाही, हे आम्ही जाणतो. उकरलेले वावर आमचे नसते. हिंस्र हत्यारे गावोगाव वाटावीत असेही आमचे म्हणणे नाही. परंतु मारणे जिथे टळत नाही, तिथे मरण किती वेळ चालेल याचा हिशेब कुणीतरी मांडला पाहिजे. आणि तो हिशेब आकड्यांतच मांडता येतो. इतकी पावले, इतके बोअर, इतके ग्रेन. भाषेच्या माणसांनी अशा आकड्यांना आजवर रुक्ष म्हणून बाजूला सारले. पण ज्याला स्वतःची कथा सांगता येत नाही, अशा जनावराच्या यातनांची नोंद भाषेत राहते ती याच आकड्यांच्या आधाराने. सांबर ‘पोंक’ असा एकच खणखणीत आवाज काढून साऱ्या रानाला सावध करते. त्यापलीकडे त्याच्याजवळ शब्द नाहीत. उरलेले आपण लिहायचे असते, आणि लिहिताना अंतर सोडून द्यायचे नसते.